तिखट की सुपारी? नागपुरातल्या दंतशिक्षणामागचा एक जुना प्रश्न

"डॉक्टरसाहेब, सावजीचा रस्सा आता खाताच येत नाही. तोंडाची नुसती आग होते."

नागपुरात दातांच्या ओपीडीत बसणाऱ्याला ही तक्रार नवी नाही. समोरचा मुलगा विशी-पंचविशीतला असतो. तोंड उघडायला सांगितलं तर जिथे तीन बोटं उभी मावायला हवीत तिथे दोनही जेमतेम जातात. गालाचं आतलं अस्तर पांढुरकं पडून ताठ झालेलं असतं. कशामुळे झालं असं विचारलं की तो तिखटावर खापर फोडतो. खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पन्नी खिशातच असते, पण दोन्हींचा संबंध त्याच्या मनात जुळलेला नसतो.

तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाणारा हा आजार म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस (ओएसएमएफ), हे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखतो. पण पेशंटनं सांगितलेलं कारण का मानायचं नाही, हे त्याला नीट सांगता येतं का? दंतवैद्यकात लोकआरोग्य आणि पुराव्यावर आधारलेले उपचार का शिकवायचे, याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर या एका प्रश्नाच्या इतिहासात आहे.

आधुनिक वैद्यकात या आजाराचं वर्णन 1952 साली श्वार्ट्झ यांनी केलं, तेही नैरोबीत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांवरून. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी तसेच रुग्ण नोंदवले. कारणाचा शोध सुरू झाला तेव्हा संशय मिरचीवर गेला, आणि तो बरीच वर्षं टिकला. म्हणजे आपला पेशंट आज जे म्हणतो तेच एके काळी तज्ज्ञही म्हणत होते. विचार वेडगळ नव्हता: तिखट खाल्लं की जळजळतं, म्हणून तिखटानंच इजा केली असेल. पण आग होणं हे आजाराचं लक्षण होतं. अस्तर आधीच बिघडलेलं होतं, म्हणून रस्सा झोंबत होता.

हा गुंता खुर्चीवर एकेक तोंड तपासून सुटला नसता, कारण मिरची तर सगळेच खातात. आजार असलेले लोक आणि तसेच पण आजार नसलेले लोक शेजारी शेजारी ठेवून कोण काय चघळतं हे मोजावं लागलं. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भावनगरच्या अशा अभ्यासात बोट सुपारीवर गेलं. पुढे 2004 मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएआरसीनं, तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग करते असं जाहीर केलं. खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले असतात. "मी तंबाखू कमी टाकायला लावतो" म्हणणाऱ्याला काय सांगायचं, ते इथून कळतं.

मोजण्याची ही सवय आपल्या शिक्षणात उशिरा आली. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कोलकात्यात काढलं. दंतवैद्यकाचा कायदा 1948 चा आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 चं. या साऱ्या काळात भर हातातल्या कसबावर राहिला: दात काढणं, भरणं, कवळी बसवणं. ते कसब हवंच. पण त्यामुळे 'कम्युनिटी', म्हणजे लोकांच्या दंतआरोग्याचा, विषय परीक्षेपुरता उरला. आज त्याचं नाव पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री आहे, तरी कॅम्पची गाडी निघताना बऱ्याच विद्यार्थ्यांचा चेहरा सहलीला निघाल्यासारखाच असतो.

खरं तर गावोगावी जाऊन तोंडं मोजायची परंपरा महाराष्ट्राचीच आहे. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या 1,01,761 ग्रामस्थांची तोंडं तपासून मुखकर्करोग आणि त्याआधीच्या अवस्थांची पाहणी केली. ती 1972 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी रोखठोक विचारलं की आपण जे उपचार करतो त्यातल्या किती उपचारांचा खरंच उपयोग होतो. या विचाराला 'एव्हिडन्स बेस्ड' हे नाव 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिळालं. 1996 मध्ये डॉक्टर डेव्हिड सॅकेट यांनी त्याचा अर्थ नेमका केला: उत्तम संशोधन, डॉक्टरचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची गरज, या तिन्हींचा मेळ.

कॅम्पला निघणाऱ्या इंटर्नला मी आधी तिरुवनंतपुरमची चाचणी समजावून सांगते. तेरा पंचायतींतले 1,91,873 लोक त्यात होते. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, उरलेल्या पंचायतींत नेहमीचीच सेवा राहिली. 2005 मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. सगळ्या लोकांचा एकत्र हिशेब केला तर मात्र फरक खात्रीनं सांगण्याइतका पक्का नव्हता. विद्यार्थी 34 हा आकडा लगेच उतरवून घेतात. मी त्यांना पुढच्या वाक्यापाशी थांबवते, कारण कुणाचं तोंड आधी बघायचं ते त्या वाक्यात आहे. शाळेतल्या दोनशे मुलांचे दात घाईघाईनं पाहण्याआधी पानठेल्यावर उभ्या माणसांपर्यंत पोचायला हवं.

बाहेरचा पुरावा इथे जसाच्या तसा लागू पडतो का, हेही शिकवावं लागतं. अमेरिकेत ट्रेंडली डीन यांनी दाखवलं की पाण्यात लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तर दातकिड कमी होते आणि दातांवर डागही फारसे पडत नाहीत. 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. विदर्भात प्रश्न उलटा आहे. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही बोअरवेलच्या पाण्यात ते मुळातच जास्त, आणि मे महिन्याच्या उन्हात माणूस पाणीही भरपूर पितो. फ्लोराइड काढण्याची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत तयार केली ती आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं. तरी पिवळ्या-तपकिरी डागांचे दात दिसले की आपले विद्यार्थी क्लीनिंग लिहून मोकळे होतात, पाणी कुठलं हे विचारतच नाहीत.

म्हणून आता आमच्या कॅम्पच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवले आहेत: पाणी कुठलं, खर्रा कितव्या वर्षापासून, आणि तोंड किती मिलिमीटर उघडतं. तिसरा रकाना पट्टी लावून भरायचा, अंदाजानं नाही. पुढच्या वर्षी त्याच गावात जाऊन तीच माणसं पुन्हा मोजायची, असं ठरवलंय. पहिल्या वर्षीचे फॉर्म कपाटात जपून ठेवले आहेत.