पापण्या मिटतात, ती झोप नव्हे

साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, हे आपल्याकडे गावोगावी पक्कं ठरलेलं आहे. झोपला की विष चढतं म्हणे. मग त्याच्या गालावर चापट्या मारतात, तोंडावर पाणी मारतात, दोघंजण काखेत धरून अंगणात चालवतात. वेळ जातोच, शिवाय हालचालीने विष अंगात लवकर पसरतं. आणि ज्याला आपण झोप समजतो, ती झोप नसतेच.

मण्यार रात्री फिरते. काळीभोर, चकचकीत, अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या. पावसाळ्यात भक्ष्य शोधत घरात येते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली सापडली की चावते. तिचे दात इतके लहान, की डास चावल्यासारखं वाटतं किंवा तेवढंही वाटत नाही. आग नाही, सूज नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे मूल पोट धरून उठतं. रात्रीचं काही बाधलं असेल म्हणून आई ओवा देते. एकदोन उलट्या होतात. मग मूल म्हणतं, दोन-दोन दिसतंय. डोळे उघड म्हटलं तर कपाळाला आठ्या पडतात, भुवया वर जातात, पण पापणी उचलत नाही. आवाज बदलतो, लाळ गिळता येत नाही.

जमिनीवर झोपलेल्या माणसाचं असं झालं, तर साप कुणी पाहिला नसला तरी मण्यार चावली असं धरूनच निघावं.

पापणी का उचलत नाही, हे मला शरीरातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मेंदूचा संदेश चेतातंतूतून विजेच्या रूपात येतो. पण तंतूचं टोक आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे 20 हजाराव्या भागाएवढी फट असते आणि वीज ती ओलांडू शकत नाही. तंतूच्या टोकात असेटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या अतिसूक्ष्म पुड्या तयार असतात. वीज आली की टोकात कॅल्शियम शिरतं, पुड्या फुटतात, रसायन फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांवर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. आपण पापणी लववतो तेव्हा दर वेळी हेच होतं.

नागाचं विष या फटीच्या पलीकडच्या काठावर काम करतं. कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं ते ग्राहकांवर बसतं. रसायन येतं, पण त्याला जागा नसते. मण्यारीचं विष मुख्यतः अलीकडच्या काठावर, म्हणजे खुद्द तंतूच्या टोकावर हल्ला करतं. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी 1963 साली दोन घटक वेगळे केले, अल्फा आणि बीटा बंगारोटॉक्सिन. त्यातल्या बीटाचे दोन भाग असतात. एक तंतूच्या टोकावरच्या पोटॅशियमच्या मार्गांना धरून ठेवतो, दुसरा फॉस्फोलायपेज जातीचं विकर (एन्झाइम) असतो आणि टोकाचं स्निग्ध आवरण चिरतो. पुड्या रिकाम्या होतात, टोक मोडून पडतं. आपल्या मण्यारीच्या विषातही याच घराण्यातले घटक आहेत. प्रतिविष रक्तातलं विष पकडतं, मोडलेलं टोक जोडत नाही. म्हणून ते लवकर मिळायला हवं. टोक पुन्हा उगवतं, पण त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात.

आधी पापण्या पडतात, मग घसा आणि मान, शेवटी श्वासाचे स्नायू. हृदय मात्र स्वतःच्या तालावर चालतं, त्याला ही फट लागत नाही. त्यामुळे श्वास थांबला तरी थोडा वेळ ते धडधडत असतं, आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो. हनुवटी वर उचलून, नाक दाबून, तोंडाने श्वास द्यायचा. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एक, लहान मुलाला त्याहून लवकर. नाडी लागत नसेल तर छातीही दाबावी लागते. दवाखान्यापर्यंत हे थांबवायचं नाही.

त्याआधीचं काम सोपं आहे. 108 ला फोन, मिळेल ती गाडी, अंगठ्या-बांगड्या काढणं, चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा फळीला सैल बांधणं. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवणं. करकचून आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप शोधत बसायचं नाही.

विष आहे की नाही हे ओळखायला मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चावायला देतात, त्याची मला फार चीड येते. मण्यारीच्या विषाने चव जात नाही, गिळणं जातं. तो पाला थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. चावलेल्या जागी कोंबडी लावणारे, मंत्र घालणारे यांचं नाव होतं, कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारीसुद्धा कधी कधी विष न सोडता चावतो. तो माणूस देवळाच्या पायरीवर नुसता बसवला असता तरी वाचला असता. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या होमिओपॅथीच्या थेंबांचंही तेच. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सरासरी वर्षाला 58 हजार माणसं गेली असा अंदाज आहे.

दवाखान्यात प्रतिविषाच्या सुरुवातीला साधारण दहा कुप्या देतात, चार वर्षांच्या मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच. सापाने विष वय पाहून सोडलेलं नसतं. लक्षणं नसली तरी 24 तास ठेवून घेतात, कारण मण्यारीचं विष कधी कधी उशिरा दिसतं.

आणि व्हेंटिलेटरवर निपचित पडलेल्या त्या मुलाजवळ बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. विषाने स्नायू बंद केलेत, मेंदू नाही. डोळ्यांच्या बाहुल्या हलत नाहीत, बोट हलत नाही, तरी त्याला ऐकू येत असू शकतं. खाटेशेजारी रडारड आणि 'आता काही खरं नाही' अशी कुजबुज नको. त्याचं नाव घेऊन त्याच्याशी बोलावं.