वेगवान मॉडेल विमानांची पार्श्वभूमी

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून सोलापुरात मॉडेल विमानं उडवायची तर विमानतळ किती लांब ते बघायला आधी नकाशा उघडावा लागतो. मॉडेल विमानं वेगात पळवायचा नाद मात्र रेडिओच्या रिमोटपेक्षा जास्त तारेवर वाढला.

१९४०च्या सुमारास अमेरिकेत जिम वॉकर यांनी यू-कंट्रोल पद्धत रुळवली. उडवणारा मधोमध उभा, हातात हँडल, त्याला दोन तारा आणि भोवती गरगरणारं विमान. तारेची लांबी ठरलेली, त्यामुळे वेग मोजायला स्टॉपवॉच पुरे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या एफ२ए या वेगाच्या गटात इंजिन अडीच सीसीचं आणि फेरीची त्रिज्या १७.६९ मीटर, म्हणजे नऊ फेऱ्यांत एक किलोमीटर. ताशी ३०० किलोमीटरला एक फेरी १.३ सेकंदांत संपते. विमान अर्ध्या किलोचं धरलं, तरी हाताला ओढ वीसेक किलोची!

यात लबाडीला वाव होता. ज्वारी राखणारा गोफण फिरवतो तसा हात पुढे ओढला की विमान फुकटात पळतं. म्हणून मोजणी चालू असताना हँडल मधल्या खांबाच्या बेचक्यात टेकवायची सक्ती आली. पुढे विमानंही विचित्र दिसू लागली: पंख एकाच बाजूला, प्रोपेलरला पातं एकच, दुसरीकडे नुसतं वजन.

१९४७ साली रे आर्डेन यांचा ग्लो प्लग, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग, बाजारात आला आणि ठिणगीसाठी लागणाऱ्या बॅटरी-कॉइलचं ओझं गेलं. मिथेनॉल आणि एरंडेल तेल हे त्याचं इंधन. तो वास जुन्या मंडळींच्या नाकातून जात नाही.

रेडिओवर गुड बंधूंचं 'गफ' १९३७ सालीच उडालं होतं. पण स्वस्ताई आली ती ब्रशलेस मोटर, हलकी लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि रेडिओच्या २.४ गिगाहर्ट्‌झमुळे. त्याआधी दोघांच्या रेडिओचा क्रिस्टल (चॅनेल ठरवणारा सुटा भाग) एकाच चॅनेलचा निघाला की एकाचं विमान जमिनीत! जेट मॉडेलचा गिनीज विक्रम २०१७ साली जर्मनीत ताशी ७४९ किलोमीटरवर गेला. आपल्याकडे थर्माकोल-सनबोर्डच्या विमानाने शंभरी गाठली तरी पोरं खूश असतात.

रब्बीची ज्वारी निघाली की सोलापूरभोवती रानं मोकळी होतात. पण चाळिशीपार उन्हात हवा विरळ होते, प्रोपेलरची पकड सुटते आणि विमान उतरतंही जोरात. म्हणून सकाळच बरी. ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीचं सरकारी प्रमाणपत्र, लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मुभा आहे. ८ किलोमीटरच्या आत परवानगी लागते.