वॉरम पर्सी
इंग्लंडमधील एक ओसाड मध्ययुगीन खेडे. उत्तर यॉर्कशरमध्ये मॉल्टन या शहराच्या आग्नेयीस, वोल्ड्स नावाच्या खडूच्या टेकड्यांच्या पश्चिम कडेला ते वसले होते. आज तेथे सेंट मार्टिन चर्चचे भग्नावशेष, एक तळे आणि गवताखालून जाणवणारे घरांचे, परड्यांचे व वाटांचे उंचवटे आहेत. १०८६ च्या ‘डूम्झडे बुक’ या महसुली नोंदवहीत वॉरमचा उल्लेख येतो. ‘पर्सी’ हे उपपद पुढे गावाची जहागीर असलेल्या घराण्यावरून पडले. १९५० ते १९९० या काळात येथे दर उन्हाळ्यात उत्खनन झाले.

लीड्स विद्यापीठातील आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड (१९२०–२००५) १९४८ मध्ये प्रथम येथे आले. गाव केव्हा व का उठले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. करपत्रके व नकाशे यांत सापडलेली गावे ते जमिनीवर शोधत होते. उंचवटे घरांचेच आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी भिंतींच्या कडेने काही चर खणले. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती पद्धत ओबडधोबडच म्हणावी लागेल. मध्ययुगीन खापरांचे जाणकार जॉन हर्स्ट (१९२७–२००३) सहभागी झाल्यावर कामाला शिस्त आली. डेन्मार्कच्या ॲक्सेल स्टीन्सबर्ग यांच्या धर्तीवर अरुंद चरांऐवजी घराची संपूर्ण जागा उघडी करून थरामागून थर काढण्यात आला. या पद्धतीमुळे एका शेतकऱ्याच्या घराखाली १२ व्या शतकातील जहागीरदाराच्या वाड्याचे तळघर उजेडात आले.

शेतकऱ्यांच्या घरांविषयी मतभेद आहेत. लांबट आयताकृती घराच्या एका टोकाला माणसे व दुसऱ्या टोकाला गुरे, असा आराखडा येथे आढळतो. भिंती खडूच्या दगडाच्या, कच्च्या व पुन्हापुन्हा बांधलेल्या दिसल्याने घर जेमतेम एका पिढीपुरते टिके, असा हर्स्ट यांचा निष्कर्ष होता व तो बराच काळ मान्य होता. १९८० च्या दशकात स्टुअर्ट रॅथमेल यांनी त्यास हरकत घेतली. त्यांच्या मते छपराचा भार भिंतींवर नव्हताच. बाकदार लाकडांच्या जोड्या दगडी बैठकांवर उभ्या करून त्यांवर तो पेललेला असे. भिंत केवळ मधली पोकळी भरणारी असल्याने ती कितीदाही नव्याने घालता येई, सांगाडा मात्र तोच राही. आज हेच मत अधिक ग्राह्य मानतात. त्यामुळे मध्ययुगीन इंग्लिश शेतकरी झोपडीवजा घरांत राहत असे, हे चित्रही बदलले.

गावाच्या उगमाचा प्रश्न याहून बिकट आहे. आरंभी अँग्लो-सॅक्सन (रोमन अमलानंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जर्मानिक लोकांच्या) वसाहतीपासून एकच गाव सलग वाढत गेले, असे गृहीत धरले जाई. पुढे मध्ययुगीन परड्यांच्या काही हद्दी रोमनकालीन चरांना धरून गेल्याचे दिसले आणि सातत्य त्याहूनही जुने असावे, असे सुचवले गेले. तथापि, जुना चर जमिनीवर दिसत असल्यास नव्याने आलेला माणूसही त्याचाच आधार घेईल. त्यावरून वस्ती अखंड होती असे ठरत नाही. आठव्या शतकाच्या सुमाराचे अवशेष (त्यांत लोहारकामाच्या खुणाही आहेत) विखुरलेले आहेत, त्यांना गाव म्हणणे कठीण. याउलट, ओळीने मांडलेली घरे व त्यांच्यामागे सारख्या बेताची लांब परडी ही मांडणी कोणीतरी आखून दिलेली वाटते. ती केव्हाची, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार ती स्कँडिनेव्हियन (व्हायकिंग) अमलानंतरच्या दहाव्या शतकातील जमीनवाटपाशी निगडित असावी. दुसऱ्या मतानुसार १०६९–७० च्या हिवाळ्यात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यम राजाच्या सैन्याने उत्तर इंग्लंड उद्ध्वस्त केल्यावर नॉर्मन जहागीरदारांनी ती नव्याने आखली. उत्खननाच्या २०१२ मधील अखेरच्या अहवालाचा कल पहिल्या मताकडे आहे. चर्चखाली आढळलेले लहान लाकडी चर्च दहाव्या शतकातील असेल, तर त्यालाही ते जुळते. प्रत्येक ओळीचा काळ मात्र एकच असेल असे नाही.

गाव १३४८–४९ च्या प्लेगच्या महामारीने उठले, ही लोकप्रिय समजूत कागदपत्रांना धरून नाही. १३६८ मध्ये सुमारे ३० घरे नांदती होती. १४५८ मध्ये १६ उरली. १५ व्या शतकाच्या आरंभी जहागीर हिल्टन घराण्याकडे गेली. लोकरीला चांगला भाव व शेतीला माणसे कमी, अशा काळात मेंढरांसाठी कुरणे करणे मालकांना परवडे. १५१७ च्या सरकारी चौकशीत बॅरन हिल्टनने चार नांगरांची शेती बंद केल्याचे व चार घरे पडू दिल्याचे नमूद आहे. शेवटची कुळे १५०० च्या आसपास निघाली असावीत. तोवर गाव बरेच रोडावले असल्याने हकालपट्टी हे एकमेव कारण मानणे योग्य नव्हे.

चर्चच्या बाजूच्या दालनांची १२ व्या–१३ व्या शतकांतील भर व नंतरची पाडापाड यांतून लोकसंख्येचा चढउतार दिसतो. दफनभूमीतून जवळजवळ ७०० सांगाडे मिळाले. मुले सुमारे दीड वर्षापर्यंत अंगावर पीत, असे हाडांच्या रासायनिक पृथक्करणावरून दिसते. ११ व्या ते १४ व्या शतकांतील काही हाडांवर मृत्यूनंतर कापल्याच्या व जाळल्याच्या खुणा असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत परत उठून त्रास देतील या भीतीपोटी हे केले असावे, असे संशोधकांनी सुचवले आहे. दुष्काळातील नरमांसभक्षणाचा पर्याय मात्र पूर्णपणे निकालात निघालेला नाही.

गाव उठल्यानंतरही थिक्सेन्डेल या शेजारच्या खेड्यातील लोक १८७० मध्ये स्वतःचे चर्च होईपर्यंत येथेच उपासनेला येत. १९७४ पासून स्थळ शासकीय देखरेखीखाली आहे. उत्खननाचे अहवाल १९७९ ते २०१२ या काळात तेरा खंडांत प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या खंडांतील घरांविषयीची व कालनिर्णयाविषयीची विधाने नंतर बदलली असल्याने जुन्या संदर्भग्रंथांतील माहिती अखेरच्या खंडाशी ताडून घ्यावी.