शिळ्या कढीला ऊत: मराठी विनोदी सिनेमातले तेच ते जोक आले कुठनं

दरवर्षी एखादा तरी मराठी विनोदी सिनेमा असा येतोच की ट्रेलर बघून आपल्याकडची पोरं निपाणी-खानापूरहून गाडी काढून कोल्हापूर गाठतात, कारण बेळगावात मराठी सिनेमाला शो मिळाला तर मिळाला, आणि बाहेर पडताना सगळ्यांची तोंडं उतरलेली. साडी नेसलेला हिरो, भाड्याच्या खोलीसाठी मारलेल्या थापा, बहिरा म्हातारा, कानडी हेल काढणारा अण्णा. सगळं आधीच बघितलेलं. राग येतो की ओ, पण जुनी गोष्ट घेतली हा दोष नव्हेच.

१९८५चा महेश कोठारेंचा 'धुमधडाका' घ्या. मूळ गोष्ट १९६४च्या तमिळ सिनेमाची, १९६६ला त्यावर हिंदीत 'प्यार किये जा' आला, १९७९ला कन्नडमध्ये 'प्रीति माडु तमाशे नोडु', मग मराठीत. म्हणजे सीमाभागातल्या माणसाला तीच गोष्ट तीन भाषांत बघायला मिळत होती आणि तरी मराठीतली आपली वाटली, कारण अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्यात आपल्या अवतीभवतीची माणसं आणली. १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'चंही तेच, कथा हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरची, पण संवाद वसंत सबनीसांचे. हे सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिणारे, दादा कोंडकेंचा १९७१चा 'सोंगाड्या'सुद्धा त्यांच्याच लेखणीतला. म्हणजे बनवाबनवीतला विनोद थेट लोकनाट्यातनं आलाय, आणि तमाशाची गंमतच ही की गण, गवळण, बतावणी, वग हा साचा ठरलेला पण बतावणीतला, म्हणजे मधल्या विनोदी संवादातला सोंगाड्या ज्या गावात उभा असेल त्या गावचं काहीतरी उचलून बोलायचा, कालच्या गावातलं आज चालायचं नाही. साचा जुना, माल ताजा. आता साचापण जुना आणि मालपण जुनाच.

मधल्या काळात टीव्हीवर स्किटचे कार्यक्रम आले, दर आठवड्याला नवीन हवं म्हणून जुन्या सिनेमांचीच नक्कल सुरू झाली, आणि पुढे तशीच स्किटं एकाला एक जोडून दोन तासांचा सिनेमा व्हायला लागला.

कानडी हेलाचं मात्र मला खरंच लागतं. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, इथल्या माणसांत राहिले, म्हणून त्यांनी रंगवलेले कानडी हेलात बोलणारे बेळगावचे रावसाहेब वाचताना हसू येतं आणि शेवटी डोळ्यात पाणीपण. ती बोली एका जिवंत माणसाची होती. नंतरच्यांनी नुसता हेल उचलला, माणूस ठेवला बाजूला. आमच्याकडं बाईमाणूसही 'मी येतो' म्हणतं, त्यात हसण्यासारखं काय आहे, पिढ्यानपिढ्या तसंच बोलतात. आणि संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे त्या अण्णाचा जोक लिहिणाऱ्याला माहीत तरी असतं का?

अण्णा हवाच असेल तर बेळगाव-खानापूरकडच्या एखाद्या नटाला द्या, इथं हौशी नाटकं करणारे काय कमी नाहीत, आणि लिहायच्या आधी चार दिवस बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीत येऊन बसा, लोक काय बोलतात, कशावर हसतात ते ऐका.