वेदनेचा रकाना : जखमी रुग्णाच्या परिचर्या-मूल्यमापनाची पार्श्वभूमी

प्रौढ जखमी रुग्णाच्या तक्त्यावर नाडी, रक्तदाब, श्वसन आणि तापमान यांच्या ओळीतच वेदनेचा ० ते १० मधला एक आकडा लिहिलेला असतो. नव्याने कामाला लागलेल्या परिचारिकेला तो रकाना पहिल्यापासूनच तिथे असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे वय तीस वर्षांच्या आसपास आहे, आणि तो तिथे असावा की नाही याविषयी झालेला वाद अजून पुरता मिटलेला नाही.

त्यापूर्वीचा काळ थोडक्यात सांगता येईल. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे रक्तपुरवठा तुटून हात कायमचा आखडतो, हे एका जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये मांडले आणि बांधलेल्या अवयवावर नजर ठेवण्याच्या कामाला शास्त्रीय आधार मिळाला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर मोडलेले हाड डोळ्यांना दिसू लागले; दुखणे आणि बधिरपणा मात्र त्या काचेवर कधीच उमटले नाहीत. ते विचारूनच कळायचे, आणि विचारणारी बहुतेक वेळा परिचारिकाच असे. तरीही तिच्या नोंदीला फारसे वजन नव्हते. रुग्ण ‘उगाच कण्हतो’ की त्याला खरोखर दुखते, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्यांकडे होता.

हे चित्र बदलण्यास सुरुवात झाली ती १९६८ मध्ये. वेदना अनुभवणारी व्यक्ती जे सांगते तीच वेदना, आणि ती आहे असे ती व्यक्ती जेव्हा म्हणते तेव्हा ती असते, अशी व्याख्या अमेरिकेतील एका परिचारिकेने केली. १९७५ मध्ये कॅनडात वेदनेचे वर्णन करणाऱ्या शब्दांची प्रश्नावली तयार झाली. ठणका, कळ, चमक, सणक आणि ठसठस हे शब्द लहानपणापासून वेगवेगळे वापरणाऱ्या मराठी माणसाला त्या प्रश्नावलीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. दरम्यान अपघातग्रस्तांच्या तपासणीचा क्रमही ठरत गेला. १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात झालेल्या एका खासगी विमानाच्या अपघातात स्वतः विमान चालवणाऱ्या अस्थिशल्यविशारदाच्या कुटुंबाला मिळालेले उपचार फारच अपुरे ठरले, आणि त्यातून डॉक्टरांसाठीचा प्रशिक्षणक्रम उभा राहिला. परिचारिकांसाठीचा स्वतंत्र अभ्यासक्रम १९८६ मध्ये आला. आधी श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि मेंदूची अवस्था, आणि नंतरच वाकडा झालेला पाय, ही शिस्त त्यातून रुजली.

खरा गुंता १९९५ नंतरचा आहे. वेदनेकडे होणारे दुर्लक्ष थांबावे म्हणून अमेरिकेतील वेदनातज्ज्ञांच्या एका संघटनेने वेदनेला नाडी, रक्तदाब, श्वसन आणि तापमान यांच्या जोडीचे ‘पाचवे जैविक चिन्ह’ मानावे, असा आग्रह धरला. १९९९ मध्ये तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी तो स्वीकारला, आणि २००१ पासून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने वेदनेचे मूल्यमापन आपल्या निकषांत आणले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. घोटाळा ‘चिन्ह’ या शब्दात होता. तपासणाऱ्याला दिसते किंवा मोजता येते ते चिन्ह, आणि रुग्ण सांगतो ते लक्षण, हा भेद वैद्यकात जुना आहे. मराठीत आपण दोन्हींना सर्रास ‘लक्षण’ म्हणतो, म्हणून तो चटकन ध्यानात येत नाही. नाडी मोजणारा बदलला तरी तिचे ठोके बदलत नाहीत. रुग्णाने सांगितलेला ‘७’ मात्र भीती, झोप, पूर्वानुभव आणि विचारणाऱ्याचा स्वर या सगळ्यांना धरून असतो. लक्षणाला चिन्हाच्या रांगेत बसवल्यावर तो आकडा खाली आणणे हेच उपचाराचे उद्दिष्ट होऊन बसले, आणि नेमक्या त्याच काळात, १९९६ मध्ये, ऑक्सिकोडोन या अफूजन्य वेदनाशामकाची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी बाजारात आली होती. पुढे पसरलेल्या अफूजन्य औषधांच्या व्यसनाचे सगळे खापर या एका रकान्यावर फोडणे अन्यायाचे होईल, पण त्याचा काहीच वाटा नव्हता असेही म्हणता येत नाही. २०१६ मध्ये तेथील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने ही संकल्पना सोडून देण्याची भूमिका घेतली, आणि २०१८ पासूनच्या सुधारित निकषांत आकड्याबरोबर रुग्णाच्या हालचालीला आणि औषधांच्या सुरक्षिततेला महत्त्व मिळाले.

प्रस्तुत लेखकाच्या मते नुकसान आणखी एका ठिकाणी झाले, आणि त्याची चर्चा कमी होते. नडगीचे हाड मोडून प्लास्टर घातलेल्या रुग्णाचा आकडा रात्री ५ वरून ८ वर गेला, तर तक्ता फक्त औषधाची आठवण करून देतो. तिथे उभी असलेली अनुभवी सिस्टर मात्र पायाची बोटे हलकेच वर ताणून पाहते. तेवढ्याने पोटरीत असह्य कळ उठली आणि औषध देऊनही दुखणे इजेच्या मानाने वाढतच राहिले, तर ती शल्यविशारदाला तातडीने बोलावते, कारण स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यातला दाब वाढत असल्याची ही सुरुवातीची खूण असते. पायातली नाडी हाताला लागते म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे असते, कारण नाडी नाहीशी होईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. या सगळ्यात ‘८’ हा आकडा सर्वांत कमी बोलका असतो.

याच काळातला दुसरा धागा अधिक सुखावह आहे. १९९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथे घोट्याच्या दुखापतीसाठी तयार झालेले नियम बोटाने दाबून पाहण्यावर आणि चार पावले चालता येतात का, यावर आधारलेले आहेत. क्ष-किरण तपासणी कोणाला लागेल हे ठरवण्यासाठी प्रशिक्षित परिचारिकाही ते वापरू लागल्या, आणि त्यांच्या हाताला मूल्यमापनात पुन्हा स्थान मिळाले.

जो आकडा सांगूच शकत नाही, त्याचा प्रश्न सर्वांत उशिरा हाती घेतला गेला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील प्रौढांचा चेहरा, हातांची हालचाल आणि यंत्राशी जुळवून घेणे पाहून वेदना जोखण्याची मोजपट्टी २००१ मध्ये आली. २०२० मध्ये सुधारलेल्या वेदनेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येच्या टिपांतही, बोलता येत नाही म्हणजे वेदना नाही असे होत नाही, हे स्पष्ट नोंदवले गेले.