दवाखान्यातल्या ऑफिस असिस्टंटची भरती: अर्ज नेमका कुठे अडतो

गडचिरोली, यवतमाळ, मेळघाटातल्या कितीतरी मुली पदवी झाली की दवाखान्यातलं ऑफिसचं काम शोधतात. केसपेपर काढणं, रुग्णांच्या भरती-सुट्टीच्या नोंदी ठेवणं, महिन्याचा अहवाल पोर्टलवर भरणं, जन आरोग्य योजनेच्या रुग्णांचे कागद जुळवणं, असं हे काम. पण हुशार मुलींचे अर्जसुद्धा छाननीतच बाद होतात, म्हणून हे लिहीत आहे.

आधी कोर्सचं बघू. ‘हॉस्पिटल असिस्टंट’ वगैरे नावाचे खाजगी डिप्लोमा भरपूर फी घेऊन विकले जातात. सरकारी दवाखान्यातल्या याच कामाच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर पदाला मात्र साधारणपणे पदवी, एमएस-सीआयटी आणि टायपिंग (मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट) मागतात. त्या डिप्लोमाला तिथे कोणी विचारत नाही. जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स खरा आहे, पण त्यात रुग्णाच्या खाटेजवळचं काम शिकवतात, खिडकीवरचं नाही. पैसे भरण्याआधी आपल्या जिल्ह्याची मागची जाहिरात काढून वाचा.

सगळ्यात जास्त अर्ज टायपिंगवर अडतात. प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं लागतं. टायपिंग इन्स्टिट्यूटने स्वतःच्या शिक्क्यावर दिलेला कागद चालत नाही. मराठीचं वेगळं, इंग्रजीचं वेगळं. कोर्स सहा महिन्यांचा, त्यानंतर परीक्षा, मग निकाल. जाहिरातीत अर्जाला मुदत मिळते जेमतेम आठ-पंधरा दिवसांची. ‘परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे’ हे छाननीत कोणीही ऐकून घेत नाही. जाहिरात आल्यावर टायपिंग शिकायला वेळच उरत नाही, तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षातच ते उरकून घ्या.

दुसरी अडचण नावाची. मार्कशीटवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. दोन्ही नावं जोडणारा एक कागद लागतोच: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद. गावातल्या लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडे होते आणि राहिली असेल तर उशिरानेही करता येते. लग्नपत्रिका जोडून भागेल असं समजू नका.

राखीव जागेवर अर्ज करणाऱ्यांसाठी: नॉन-क्रिमीलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) ३१ मार्चला संपतं, काढलेल्या तारखेपासून वर्ष मोजू नका. लग्न झालेल्या मुलीचंही ते आई-वडिलांच्या उत्पन्नावर निघतं. सेतू केंद्रावर नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागून परत पाठवतात, तेव्हा न भांडता पण ठामपणे तहसील कार्यालयात विचारा. मुलींना असं उगाच हेलपाटे घालायला लावणं थांबलं पाहिजे. जातपडताळणीला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. घरात कागद नसेल तर आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल शोधा. ही नक्कल मिळायला वेळ लागतो, जाहिरातीची वाट बघत बसू नका.

अनुभवाचा दाखला हाही असाच. तालुक्याच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर ‘सदर मुलगी माझ्याकडे कामाला होती, वागणूक चांगली’ एवढंच लिहून दिलं तर त्याला गुण मिळत नाहीत. पदाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, जावक क्रमांक, सही-शिक्का, एवढं त्यावर हवं. नोकरी सोडतानाच हा दाखला मागून घ्या. पदवी मिळण्याआधीचा अनुभव सहसा धरत नाहीत.

फोटो, झेरॉक्स, स्वसाक्षांकन हे तुम्हाला येतंच. डिमांड ड्राफ्ट मात्र जपून काढा. तो ज्या नावाने मागितला आहे ते जाहिरातीतूनच अक्षर न् अक्षर उतरवा. बहुधा ‘जिल्हा एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटी’ अशा धर्तीचं असतं, आणि बँकेत तोंडी सांगितलं की हमखास चुकतं.

शेवटच्या तारखेचा अर्थही नीट लावा. अर्ज त्या दिवशी कार्यालयीन वेळेत पोचलेला हवा, पोस्टात टाकलेला नव्हे. धारणीहून अमरावतीला किंवा सिरोंच्याहून गडचिरोलीला जायचं असेल तर पावसाळ्यात दोन दिवस हाताशी ठेवूनच निघा, आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.