दीवचा दुसरा वेढा : होड्यांची रसद (१५४६)

गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने १५४६ मध्ये दीव येथील पोर्तुगीज किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा वसई, चौल व गोवा या ठाण्यांवरून लहान वल्ह्यांच्या नौकांतून भर पावसाळ्यात किल्ल्यात पोचविलेली कुमक व शिधासामग्री. यातील काही भाग गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरच्या हुकमाने निघालेल्या तांड्यांतून गेला. मात्र पोर्तुगीज बखरींत जास्त जागा मिळाली आहे ती आठ-दहा माणसे घेऊन, पुष्कळदा पदरमोड करून, आपण होऊन निघालेल्या सरदारांच्या सुट्या होड्यांना. वेढा एप्रिलच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात महिने चालला. काटेकोरपणे पाहता वेढलेला होता तो किल्ला. बेटावरील शहर आरंभापासूनच गुजराती सैन्याच्या हाती होते.

पार्श्वभूमी : सुलतान बहादुरशाहाने हुमायूनविरुद्ध मदतीच्या आशेने १५३५ मध्ये पोर्तुगीजांना दीव बेटाच्या पूर्व टोकाला किल्ला बांधू दिला. त्याआधी १५३४ च्या तहाने वसई व परिसर त्यांच्याकडे आला होता. बहादुरशाह १५३७ मध्ये दीवसमोरच्या समुद्रात मारला गेला. पुढच्या वर्षी इजिप्तचा सुलेमान पाशा तुर्की आरमारासह आला व पहिला वेढा पडला. तो निष्फळ ठरला. दुसऱ्या वेढ्याचा सूत्रधार ख्वाजा सफर (पोर्तुगीज लेखनात ‘कोजे सोफर’) हा सुरतेचा कारभारी होता व सुरतेच्या किल्ल्याचे बांधकाम त्याच्याकडे दिले जाते. त्याच्या मूळ देशाविषयी एकवाक्यता नाही. दक्षिण इटलीतील ओत्रांतोकडचा बाटलेला ख्रिस्ती, अशी जुनी पोर्तुगीज परंपरा आहे. काही लेखक त्याला अल्बेनियन म्हणतात. पहिले मत अधिक जुने व अधिक वेळा आलेले आहे, इतकेच म्हणता येते. जूनच्या अखेरीस तोफेच्या गोळ्याने तो मेला आणि सूत्रे त्याचा मुलगा रूमी खान याच्याकडे गेली. किल्लेदार दों जुआंव मास्कारेन्हास याच्यापाशी सुरुवातीला दोन-अडीचशे लढवय्ये होते.

ऋतू व दिनांक : १५३८ मध्ये समुद्र तुर्की आरमाराने अडवला होता. १५४६ मध्ये तसे मोठे आरमार आले नाही, त्यामुळे दीवची समुद्राकडील बाजू अडवून धरली ती पावसाळ्याने. वेढा पावसाळ्याच्या तोंडावर घातला गेला तो गोव्याची मदत चार महिने तरी येऊ नये म्हणून, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कोकण किनाऱ्यावर ज्येष्ठात दर्या बंद होतो तो नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत; मचवे ओढून वर घेतलेले असतात व शिडे उतरवलेली असतात. वसईहून दीव सरळ रेषेत सुमारे २४० किमी. आणि चौलहून तीनशेहून अधिक. वाटेत खंबायतच्या आखाताचे तोंड ओलांडावे लागते. तेथील भरती-ओहोटी पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत मोठी आणि ओढ जबर. त्यात नैर्ऋत्येचा वारा लाटांना कुशीवर आणतो. लांब व अरुंद नौकेला समोरची लाट एक वेळ पेलते, कुशीवरची पेलत नाही.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्या लागतात, कारण मराठीतील काही वृत्तांतांत त्यांमुळे गोंधळ झालेला दिसतो. एक म्हणजे भारतातील पोर्तुगीज पावसाळ्याला ‘इन्वेर्नो’, म्हणजे शब्दशः हिवाळा, म्हणत. हे ध्यानात न घेता केलेल्या भाषांतरात होड्या ‘हिवाळी वादळात’ निघतात आणि साराच प्रसंग सोपा होऊन बसतो. दुसरी गोष्ट, या साऱ्या तारखा जुन्या जुलियन पंचांगाच्या आहेत. ऋतूशी मेळ घालायचा तर त्यांत दहा दिवस मिळवले पाहिजेत. गव्हर्नरचा धाकटा मुलगा दों फेर्नांदो याचा मे महिन्यातील तांडा त्यामुळे पावसाळ्याच्या अगदी उंबरठ्यावर येतो. किल्ल्याच्या बुरुजाखाली १० ऑगस्टला उडालेला सुरुंग आजच्या गणतीने २० ऑगस्टला येतो, म्हणजे त्यानंतरच्या फेऱ्या दर्या थोडा निवू लागण्याच्या काळातल्या. सर्व फेऱ्या सारख्याच जिवावरच्या होत्या, हे बखरकारांचे म्हणणे म्हणून थोडे सैल धरावे. जून-जुलैच्या फेऱ्यांविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही.

नौका : साधनांत प्रामुख्याने दोन नावे येतात, फुस्ता व कातुर. फुस्ता ही भूमध्य समुद्रातील लहान गॅलीच्या (वल्ह्यांच्या लढाऊ जहाजाच्या) वळणाची, वल्ही व एखादे तिरके शीड असलेली नौका. नावाचा उगम लॅटिन ‘फुस्तिस’ (लाकूड, सोटा) या शब्दात सांगतात. कातुर तिच्याहून हलकी व मूळची या किनाऱ्यावरची. इटालियन प्रवासी व्हार्थेमा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी कालिकतला ‘चातुरी’ नावाच्या नौका पाहिल्या : सुमारे तेरा पावले लांब, फार अरुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या, शिडावर वा वल्ह्यांवर कोणत्याही गॅलीहून वेगाने जाणाऱ्या. पोर्तुगीजांनी ती बनावट उचलली आणि गस्त, निरोप व पाठलाग यांसाठी वापरली.

कातुर या शब्दाच्या व्युत्पत्तीवर बरीच शाई खर्ची पडली आहे. यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात भारतीय मूळ सापडत नसल्याचे नोंदवून इंग्रजी ‘कटर’ (एक वेगवान होडी) हा शब्द कातुरवरूनच आला असावा, अशी शंका व्यक्त केली. बर्टनने अरबी ‘कतीरे’ (लहान होडी) हे मूळ सुचवले. संस्कृत ‘चतुर’ याचा एक अर्थ चपळ, वेगवान असा आहे, म्हणून तेही पुढे करण्यात आले. व्हार्थेमाचे ‘च’ने सुरू होणारे रूप या मताला अनुकूल आहे, मराठीत पाण्यावर भिरभिरणाऱ्या कीटकालाही चतुरच म्हणतात, पण हा पुरावा नव्हे. मलबारी किनाऱ्यावरील एखाद्या स्थानिक नावाचे हे इटालियन व पोर्तुगीज कानांनी केलेले रूप असावे, हे त्यातल्या त्यात सावध मत होय. ‘कटर’चा संबंध मात्र सोडून द्यावा. तो शब्द इंग्रजीत बराच नंतर रुळला आणि ‘कापणे’ या क्रियापदावरून त्याचा उलगडा सहज होतो. मराठीतील ‘गलबत’ व पोर्तुगीज ‘गालेओता’ यांच्या नात्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. मराठी लेखनात १५४६ च्या नौकांना सरसकट गलबते म्हटले जाते, ते आकाराच्या दृष्टीने दिशाभूल करणारे आहे. कातुर आपल्याकडच्या मोठ्या होडीच्या जवळची.

फेऱ्या : गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रो याला हा किनारा कागदावरचा नव्हता. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना त्याने खाड्या, खडक व नांगरवाडे यांचे तपशीलवार मार्गवर्णन लिहून ठेवले होते. वेढ्याची बातमी येताच त्याने धाकटा मुलगा दों फेर्नांदो (वय १९ च्या आसपास) याला काही नौकांसह मे महिन्यात रवाना केले. त्यानंतर दर्या बंद झाला. किल्ल्यातील स्थिती बिघडल्यावर दीवचा धर्मगुरू जुआंव कोएल्यो एका लहान नौकेतून भर पावसात वसई व चौलला गेला आणि मदतीची हाक पोचवली. पुढच्या साऱ्या स्वेच्छा-फेऱ्यांच्या मुळाशी त्याची ही उलटी फेरी आहे.

ख्वाजा सफरने किल्ल्यासमोरच्या पाणीकोठ्यावर (पाण्यातील लहान कोटावर) मारा करण्यासाठी एक मोठे जहाज तोफांसह सजवले होते, ते जाकोम लैत याने रात्री दोन होड्यांतून जाऊन जाळले. हा प्रसंग वेढ्याच्या आरंभीचा आहे. दीवसमोरच्या घोघला गावाकडील खाडीतून शिरणे शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात होते. समुद्राकडच्या तटाखाली उतरणे लाटांच्या हाती. येणाऱ्या होड्यांनी बहुधा अंधार पाहूनच किनारा गाठला असावा.

१० ऑगस्टला सां जुआंव बुरुजाखालचा सुरुंग उडाला. सुरुंगाची शंका येऊन किल्लेदाराने माणसे मागे घेण्यास सांगितले होते, पण द्योगो द रेनोझो याने मागे हटणाऱ्यांना भित्रे ठरवले आणि बुरुजावरचे लोक, त्यांत दों फेर्नांदोही, जागीच राहिले. साठांवर माणसे मेली असे सांगतात. यानंतरच्या दिवसांत आंतोनियो मोनीझ बार्रेतो (पुढे १५७३ ते १५७६ गोव्याचा गव्हर्नर) व गार्सिया रोद्रिगेश द ताव्होरा आठ माणसांनिशी वसईहून येऊन पोचले. लुइश द मेलो नऊ जणांसह आला, जॉर्ज व दुआर्ते द मेनेझेश सतरा जणांसह. रुय फ्रैर चौलहून स्वखर्चाने चोवीस माणसे घेऊन आला. हे प्रचलित आकडे आहेत आणि त्यांचा लहानपणाच त्यांना विश्वासार्ह ठरवतो. फुगवायचेच असते तर कोणी आठ लिहिले नसते.

मोनीझच्या होडीशी मिगेल द आर्नीद या धिप्पाड शिपायाची गोष्ट जोडलेली आहे. होडी भरली म्हणून त्याला वसईच्या किनाऱ्यावर सोडून ती निघाली. त्याने हाका मारल्या. कोणी वळेना, तेव्हा बंदूक तोंडात धरून त्याने पाण्यात उडी घेतली व होडीमागे पोहू लागला. मोनीझने सुकाणू वळवून त्याला वर घेतले. कथा जुनी आहे आणि अशक्यही नाही, पण तोड्याची बंदूक दातांत धरून पावसाळी लाटांत पोहणे कितपत जमेल ते समुद्र पाहिलेल्याने ठरवावे. दों जुआंव द कास्त्रोचे १६५१ मध्ये प्रसिद्ध झालेले चरित्र अशा प्रसंगांना भाषणांचा साज चढवते. शतकानंतरच्या त्या भाषणांना साधन म्हणून फारसे मोल देऊ नये.

थोरला मुलगा दों अल्वारो गोव्याहून मोठा तांडा घेऊन निघाला. वादळाने पांगत, किनाऱ्याचा आसरा घेत तो ऑगस्टअखेरीस सुमारे चारशे माणसांनिशी दीवला पोचला. सुट्या होड्यांचे पर्व येथे संपते.

माल : तोफा-बंदुकांची दारू, गोळे, बिस्कुट, तांदूळ अशी मोघम नोंद मिळते. आठ लढवय्ये, त्यांची शस्त्रे आणि वल्हेकरी बसल्यावर कातुरीत धान्याची पोती किती राहणार, याचा अंदाज वाचकाने करावा. या होड्यांनी किल्ला जेवू घातला असे म्हणणे धाडसाचे आहे. बखरकारच सांगतात की प्रेतांवर बसलेला कावळा टिपून आजाऱ्याला पथ्याचा म्हणून दिला जाई व त्यालाही चढा भाव होता. पोचली ती मुख्यतः माणसे, थोडी दारू आणि गोवा निघाला आहे ही खबर.

स्वेच्छा किती : या मंडळींना आजच्या अर्थाने स्वयंसेवक म्हणणे सोयीचे आहे, नेमके नाही. फिदाल्गो (कुलीन सरदार) राजाच्या चाकरीत असत व केलेल्या कामगिरीचे दाखले जोडून इनाम, पद वा ठाण्याची किल्लेदारी मागत. वेढ्यात पदरमोड करून जाणे हा अशा अर्जातला सर्वांत वजनदार दाखला. तरीही त्या आठवड्यात वसईत बसून राहणाऱ्यालाही कोणी दोष दिला नसता, आणि निघालेल्यांपैकी अनेक दीवलाच मेले. स्वेच्छेची दुसरी बाजू सप्टेंबरच्या सुरुवातीस दिसली. नव्या दमाच्या लोकांनी बाहेर पडून हल्ला करण्याचा हट्ट धरला, किल्लेदाराच्या धैर्यावर शेरे मारले, आणि त्याने नाइलाजाने नेलेली ती चढाई मोठ्या हानीनंतर फसली.

वल्हेकरी : याद्यांत येतात ते होडीत बसलेले लढवय्ये. होडी चालवणारे त्यांत मोजलेले नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या हलक्या नौका सामान्यतः स्थानिक खलाशी, कधी भाड्याने आणलेले तर कधी गुलाम, वल्हवत. वसई व चौलच्या बंदरांत अशी माणसे म्हणजे बहुधा कोळी, भंडारी व खारवी, हे परिस्थितीवरून काढलेले अनुमान आहे. आखाताची ओढ कुठे धरते व कुठे सोडते हे सरदारांना नव्हे, तांडेलाला ठाऊक असणार. ते राजीखुशीने गेले की जबरदस्तीने, याबद्दल बखरी गप्प आहेत.

वेढ्याचा शेवट : कास्त्रो स्वतः नोव्हेंबरच्या आरंभी आरमारासह आला. १० नोव्हेंबरच्या (काहींच्या मते ११) लढाईत गुजराती फौज मोडली व रूमी खान मारला गेला. किल्ल्याच्या पुनर्बांधणीसाठी गोवा शहराकडे वीस हजार पार्दाव (गोव्यातील नाणे) कर्ज मागताना कास्त्रोने दाढीचे केस तारण म्हणून पाठवले, हा प्रसिद्ध प्रसंग २३ नोव्हेंबरच्या पत्राशी निगडित, म्हणजे वेढा उठल्यानंतरचा आहे. होड्यांच्या खर्चाशी त्याची सांगड घातली जाते ती चुकीची.

तुलना : मराठी वाचकाला याच्या जवळचा परिचित प्रसंग १६७९ मधील खांदेरीचा. शिवाजी महाराजांच्या लोकांनी मायनाक भंडारी याच्या हाताखाली बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईकर इंग्रज व सिद्दी यांच्या जहाजांनी ते घेरले, तेव्हा थळ व नागावकडून होड्या रात्री सामान व माणसे पोचवत राहिल्या. अंतर थळपासून जेमतेम चार-पाच किमी.; दीवच्या फेऱ्यांशी त्याची बरोबरी नाही, आणि हे सरकारी काम होते. पण येथे कागद शत्रूचे आहेत, म्हणून होड्यांचे वर्णन अधिक स्पष्ट मिळते : वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे जागीच झुलत राहत आणि होड्या त्यांच्या डोळ्यांदेखत वल्हवत निघून जात, ही तक्रार मुंबईच्या पत्रव्यवहारात वारंवार येते.